हॉस्टेल-मेस वेगळं

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. ऑफिसमधून निघालो होतो, हिंजवडीच्या सिग्नलला गाडी तुंबलेली, तेवढ्यात छोटीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक पीडीएफ. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही नाही, इमोजीसुद्धा नाही. उघडून बघितलं तर शासन निर्णय. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के माफ.

मी ‘वाचलं’ एवढंच टाइप केलं आणि खोडलं. मग काहीच पाठवलं नाही. छोटी माझी धाकटी बहीण आहे, आणि तिनं ही पीडीएफ मला का पाठवली हे मला कळत होतं.

आम्ही जिंतूरचे, परभणी जिल्हा. आप्पांचं शिवणकामाचं दुकान आहे. लग्नसराईत ब्लाउज आणि सफारी, जूनमध्ये शाळेचे ड्रेस, बाकी वर्षभर उसवलेलं-फाटलेलं. मी २०१७ ला पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला लागलो, ब्रँच आयटी. गावात सगळ्यांना वाटलं मी थेट कंपनीतच लागलो.

कॉलेजच्या वेबसाइटवर फीचा एक तक्ता असतो. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, एकूण. आमच्या वर्षी ८२,००० अधिक १०,०००, म्हणजे ९२,०००. हा आकडा कॉलेज मनानं ठरवत नाही, त्यासाठी शुल्क नियामक प्राधिकरण आहे, २०१५ चा कायदा आहे. पण तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा. आप्पांनी ती ओळ पहिल्याच दिवशी पकडली. आप्पा सातवी शिकलेले, पण मापं घेणारा माणूस बारीक गोष्टी सोडत नाही. त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर दोन रकाने पाडले : ‘फी’ आणि ‘हॉस्टेल-मेस वेगळं’. पुढची चार वर्षं दुसरा रकाना कायम पहिल्याच्या पुढे राहिला.

पण फीच्याही आधी कागद. ओबीसीतून प्रवेश म्हणजे जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी. पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडलं खरं, पण ते उर्दूत. मराठवाडा निजामाकडे होता तेव्हाचं रजिस्टर, दुसरं काय असणार! हेडमास्तरांनी पान दाखवलं आणि म्हणाले, तुमचे आजोबा बहुतेक या ओळीत आहेत. परभणीत एका भाषांतरकाराकडून प्रमाणित भाषांतर करून आणलं. ते ६०० रुपये, चार वेळा एसटी, एकदा आप्पांचं दिवसभर बंद दुकान. हे सगळं वहीत दुसऱ्या रकान्यात गेलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या खर्चातली पहिली नोंद उर्दूची आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आला, त्यावर ८४,००० होते. खरं किती होतं ते आप्पांनाही माहीत नव्हतं. शिवणकामाला पावती नसते, आई पिको-फॉल करायची त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. त्याहून जास्त असेल, हे कबूल करतो. पण फार नाही.

ट्यूशन फीची निम्मी रक्कम सरकार भरणार होतं. म्हणजे आमच्यावर ४१,००० आणि डेव्हलपमेंटचे १०,०००. कॉलेजनं सांगितलं, आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. महाडीबीटी पोर्टल तेव्हा नवंनवं होतं आणि सारखं लटकायचं. बँकेत एज्युकेशन लोनला गेलो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे मी नेटवर वाचून गेलो होतो. साहेबांनीही ते नाकारलं नाही, फक्त तीन वेळा परत यायला सांगितलं. चौथ्यांदा आप्पा गेलेच नाहीत. पतसंस्थेतून काढले, दोन टक्क्यांनी. महिन्याला दोन, वर्षाला नव्हे.

*

दुसऱ्या वर्षी मी सीआर झालो. सीआर म्हणजे कोणाला नको असलेलं पद. एकदा ऑफिसमधून कोणीतरी शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेल्यांची यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकायला म्हणून मला पाठवली. मी न बघता पुढे ढकलली. ती राहिलेल्यांची यादी नव्हतीच, अख्ख्या वर्गाची एक्सेल शीट होती. नाव, जिल्हा, कॅटेगरी, सीट टाइप, भरलेली फी, बाकी फी. मी चार मिनिटांत डिलीट केली. तेवढ्यात एकाहत्तरपैकी साठ जणांनी ती उघडली होती.

त्या रात्री मी ती शीट दोन तास वाचली, हे आज सांगायला हरकत नाही.

तोवर मला आमचा वर्ग एकसारखा वाटत होता. तेच बाक, तीच लॅब, तोच बंद पडका प्रोजेक्टर. शीटमध्ये मात्र एकाच बाकाच्या चार-पाच किमती होत्या. साठ मूळ जागा. त्यातल्या वीस टक्के संस्था पातळीवरच्या, ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात. त्यावर टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जादा जागा, म्हणजे तीन. मेरिटवर मिळतात, ट्यूशन फी माफ. मग दुसऱ्या वर्षाला थेट आलेले डिप्लोमावाले. एक बारामुल्लाचा मुलगा, पंतप्रधानांच्या विशेष शिष्यवृत्ती योजनेतून आलेला. त्याची फी थेट दिल्लीहून यायची. एकाहत्तरातले चोवीस पूर्ण फी भरत होते, एकोणतीस निम्मी आणि अठरा जणांना ट्यूशन फी नव्हती. एकतीस जण पुणे-पिंपरीचे, म्हणजे ज्यांना आप्पांचा दुसरा रकानाच नव्हता. ही गोष्ट मी पहिल्यांदा तेव्हा बघितली : पूर्ण फी भरणारा कोथरूडचा मुलगा आणि निम्मी फी भरणारा मी, वर्षाचा हिशेब केला तर माझं शिक्षण महाग होतं. त्याचे ९२,०००. माझे फीचे ५१,०००, फ्लॅटच्या भाड्यातला वाटा महिना ३,००० प्रमाणे ३६,०००, दहा महिन्यांची मेस २४,०००, प्रवास, झेरॉक्स, रिचार्ज मिळून १२,०००. बेरीज १,२३,०००. लॅपटॉप सोडून.

मुली एकोणतीस होत्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये मेकॅनिकलच्या वर्गात सहा. आयटी मुलींना बरी, असं पालकच म्हणायचे. लॅब एसी, साइट नाही, ग्रीस नाही. पण शीटमधला जिल्ह्याचा रकाना बघितला तर त्या एकोणतीसपैकी तेवीस पुणे-पिंपरीच्या होत्या. मुलं बाहेरून येत होती, मुली बहुतेक घरून येत होत्या. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नाही. फक्त आकडा लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणीच काही बोललं नाही. बोलणं झालं ते आमच्या फ्लॅटवर. आम्ही चौघं राहायचो. त्यातला एक सांगलीकडचा, शेती, ओपन. त्याला राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी फी. एक यवतमाळचा, एससी, उत्पन्न अडीच लाखांच्या आतलं, त्याची फी सरकार भरायचं. सांगलीकर जेवता जेवता म्हणाला, “तुझं बरं आहे लेका, फुकटात इंजिनिअर.” टोमणा मारायचा म्हणून नव्हे, सहज म्हणाला. यवतमाळकरानं ताट बाजूला ठेवलं, मोबाइल काढला आणि बँकेचा मेसेज दाखवला. निर्वाह भत्ता मागच्या वर्षाचा, आत्ता आलेला. मग म्हणाला, “मी डबा एकच लावलाय. दुपारी अर्धा, रात्री अर्धा. भाऊ, फी सरकार भरते. डबा नाही भरत.” चौथा, जळगावचा, टीएफडब्ल्यूएसवाला, म्हणाला, माझी तर फी मेरिटवर माफ आहे. त्यावर यवतमाळकर हसला, म्हणाला, “तुझ्या आणि माझ्या कट-ऑफची वजाबाकी करून ठेवली असशील ना?” जळगावकर गप्प झाला, कारण त्यानं ती केलेली होती. आम्ही सगळ्यांनीच केलेली होती. मी माझ्यापेक्षा वरच्यांशी आणि खालच्यांशी, दोन्ही केल्या होत्या.

पुढच्या महिन्यापासून आम्ही डबे बंद केले आणि घरी करायला लागलो. सांगलीकर भाकरी चांगल्या करायचा. यावर मैत्रीचा सिनेमा काढायची गरज नाही. त्याचे-माझे पुढेही खटके उडाले. पण ‘फुकट’ हा शब्द त्या फ्लॅटमध्ये परत ऐकला नाही.

एकाच बाकाच्या वेगवेगळ्या किमती ही नवी भानगड नाही. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. १९९३ ला सुप्रीम कोर्टानं निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंट असा हिशेब घालून दिला. म्हणजे पेमेंट सीटवालाच शेजारच्या फ्री सीटवाल्याचा खर्च उचलणार. २००२ ला कोर्टानंच ती पद्धत मोडीत काढली. आता शेजाऱ्याऐवजी सरकार उचलतं. रुसवे मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच राहिले.

*

आता छोटीचं.

ती माझ्यापेक्षा हुशार आहे. मी हे मोठेपणानं म्हणत नाही. २०२० ची सीईटी कोरोनामुळे ऑक्टोबरपर्यंत लांबली. तिनं घरातल्या एका खोलीत, आई मशीन चालवत असताना अभ्यास केला आणि ९३ पर्सेंटाइल आणले. मी चौथ्या वर्षाला होतो, कॉलेज ऑनलाइन, म्हणून घरीच होतो. तिचा ऑप्शन फॉर्म मीच भरला. २०२१ च्या जानेवारीत अलॉटमेंट लागली. माझंच कॉलेज, माझीच ब्रँच. सीट टाइप ‘एलओबीसीओ’. ज्यांनी कॅपच्या कट-ऑफच्या याद्या चाळल्यात त्यांना ही लिपी येते : पहिला एल म्हणजे लेडीज, मधे ओबीसी, शेवटचा ओ म्हणजे विद्यापीठाच्या हद्दीबाहेरचा उमेदवार. माझ्या अलॉटमेंटवर पहिलं अक्षर जी होतं, जनरलचं. बाकी चारही अक्षरं तीच.

पण मधल्या वर्षात जे झालं ते असं की २०२० च्या लग्नसराईत लग्नं नव्हती आणि जूनमध्ये शाळा नव्हत्या. ज्याचं वर्ष या दोन हंगामांवर चालतं त्याचं वर्ष गेलं. आप्पांनी काही दिवस मास्क शिवले. नंतर तेही सगळेच शिवायला लागले.

त्या संध्याकाळी आप्पांनी वही काढली. नवं पान, पुन्हा दोन रकाने. फी तोवर १,१०,००० झाली होती. ट्यूशन ९८,०००, त्यातली निम्मी सरकारची, म्हणजे आमच्यावर ६१,०००. हे त्यांनी स्वतः मांडलं. मग पेन माझ्याकडे केलं.

“आता तू सांग. वेगळं किती लागतंय? खरं सांग.”

मी चार वर्षं त्यांना खरं सांगितलं नव्हतं. दर वेळी कमी सांगायचो. मेसचे २,४०० असतील तर २,००० म्हणायचो आणि मधले कुठून तरी काढायचो, ज्युनिअर्सचे प्रोजेक्ट करून दे, कोणाची असाइनमेंट लिहून दे. त्या संध्याकाळी मात्र मी पहिल्यांदा पूर्ण खरं सांगितलं. म्हटलं, आमच्यासारखं फ्लॅट घेऊन चौघींना राहता येणार नाही. (असं मी म्हणालो. कोणी म्हणायला लावलं नव्हतं.) मुलींचं हॉस्टेल पाहिजे, गेट नऊला बंद होणारं. मेस धरून वर्षाचे ८५,०००. आप्पांनी लिहिलं. ६१ आणि ८५, १,४६,०००. गुणिले चार, ५,८४,०००. लॅपटॉप वेगळा.

“पहिलं वर्ष ऑनलाइनच हाय आप्पा,” छोटी म्हणाली. “हॉस्टेल लागणारच नाही.”

“आणि नंतर?”

ती माझ्याकडे बघायला लागली.

माझ्याकडे तेव्हा ऑफर लेटर होतं. ऑक्टोबरमध्ये प्लेसमेंट झाली होती, वर्षाला साडेतीन लाखांच्या आतलं पॅकेज. माझ्या आधी दहा वर्षं बाहेर पडलेल्यांनाही साधारण हेच मिळालं होतं. फी तेवढी दर वर्षी वाढत राहिली. पण हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास आले असते. मी म्हणू शकत होतो, नंतरचं मी बघतो. पाच शब्दही नाहीत. जॉइनिंगची तारीख आलेली नव्हती, ऑफर मागे घेतल्याच्या बातम्या रोज येत होत्या, पतसंस्थेचे हप्ते चालू होते. कारणं खरीच होती. त्यातलं एकही कारण मी मोठ्यानं बोललो नाही. मी नुसता गप्प बसलो, आणि घरात मोठा भाऊ गप्प बसला की त्याचा अर्थ नाही असाच होतो.

आप्पांनी वही मिटली. छोटीला रागावले नाहीत, समजावलंही नाही. रिपोर्टिंगची शेवटची तारीख दोन दिवसांनी होती, ती गेली. जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणाला तरी लागली असेल. आता त्या नावाची एक मुलगी कुठल्या तरी कंपनीत असेल, कदाचित माझ्याच बिल्डिंगमध्ये, आणि तिला हे काहीच माहीत नसेल. छोटीनं तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला नाव घातलं. घरून जाता यायचं. दुसरा रकाना रिकामा.

माझी जॉइनिंगची तारीख तीन आठवड्यांत आली.

*

त्या पीडीएफनंतर पंधरा दिवसांनी मी गावी गेलो. छोटी आता एका मल्टिसर्व्हिसेसमध्ये बसते. दाखले, पीकविमा, पॅन कार्ड आणि जून ते ऑगस्ट नुसते प्रवेशाचे फॉर्म. तालुक्यातले लोक तिला ‘कॅपवाल्या मॅडम’ म्हणतात. कुठल्या कॉलेजला ओबीसीला किती पर्सेंटाइलला बंद झालं, कोणत्या फेरीत काय फ्रीझ करायचं, कोणाला कोणता दाखला लागतो, हे तिच्या तोंडावर असतं. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी न चढता तिला ते सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी म्हटलं, “ती पीडीएफ.”

“हां.”

“चार वर्षं आधी आली असती तर...”

“तर काय?” ती प्रिंटरमध्ये कागद भरत होती. “मी २०२१ ला गेले असते तर २०२४ च्या जूनमध्ये पास आउट. जीआर जुलैचा. मला असंही मिळालं नसतं दादा. आणि मिळालं असतं तरी काय, फीच माफ झाली असती. मला फीनं थोडंच अडवलं होतं?”

तिनं हे भांडल्यासारखं म्हटलं नाही. दाखल्यातली चूक दाखवावी तसं दाखवलं. मी तिला सांगितलं की मी त्या दिवशी बोलू शकत होतो. ती म्हणाली, “माहितीये. मी वाट बघत होते ना.” मग कागद सारखे केले, ट्रे आत ढकलला.

काय बोलावं ते सुचत नव्हतं, तेवढ्यात एक शेतकरी आणि त्यांची मुलगी आली. बोरी भागातले असावेत. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल, सगळे कागद त्यात इस्त्री केल्यासारखे. काकांनी जीआर ऐकला होता. “मॅडम, आता पोरींना पुण्याला समदं फुकट हाय म्हणं?”

छोटीनं ड्रॉवरमधून वही काढली. आप्पांची. मागच्या बाजूनं ती वापरायला लागलीय हे मला माहीत नव्हतं. तिनं नवं पान घेतलं, पट्टीनं दोन रकाने पाडले आणि पहिल्यात मोठं शून्य काढलं.

“बसा काका. फी ही एवढी. शून्य. डेव्हलपमेंटचे काही हजार लागतील, ते इथं लिहिते. हॉस्टेल-मेस वेगळं. ते आधी लिहून घ्या, मग ऑप्शन भरू. एससी, एसटी, ओबीसीला हॉस्टेलच्या योजना वेगवेगळ्या आहेत, तुम्हाला कोणती बसते ते बघते. पण पैसा हातात कधी येईल ते मी सांगू शकत नाही, म्हणून पहिल्या वर्षाचं घरून धरा.”

काका खाली बसले. मुलगी उभीच होती, वहीकडे बघत.

छोटी माझ्याकडे वळली. “तुमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलचं यंदाचं किती आहे? वेबसाइटवरचं नको. फोन लाव.”

मी बाहेर येऊन फोन लावला. आत आलो, आकडा सांगितला. तिनं तो दुसऱ्या रकान्यात लिहिला, मान वर न करता.

“आणि डिपॉझिट?” ती म्हणाली. “परत मिळतं का, तेही विचार.”